लॅपटॉप चालेल तोवर

उषाताई तायडे कुणाच्याही घरी गेल्या की समोरची वस्तू उचलून आधी उलटी करून बघत. टीव्हीचा रिमोट असो, मिक्सर असो, नाहीतर पाहुण्यांसमोर मिरवायला ठेवलेलं घड्याळ असो. वस्तू पालथी करायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि स्क्रू शोधायचे. स्क्रू दिसले की चेहरा खुलायचा. नुसताच चिकटवलेला जोड दिसला, की वस्तू जागेवर ठेवताना त्या घरमालकाकडे फार वाईट वाटल्यासारख्या बघत.

आम्ही अमरावतीत बडनेरा रोडच्या बाजूला घर बांधून राहायला गेलो, तेव्हा शेजारच्या म्हणून त्या पहिल्यांदा चहाला आल्या. मुलीनं हौसेनं पाठवलेला गाणी ऐकायचा स्पीकर टेबलावर होता. त्यांनी तो उचलला, उलटा केला, दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, याले तर एकबी स्क्रू नाई. मंग हे तुमचं नाई, कंपनीचं हाये. तुमी फक्त वापरून राहिले." अजून चहाचा पहिला घोटही झाला नव्हता. बायकोनं मला आत बोलावून विचारलं, "ह्या बाईंना पुन्हा बोलवायचं आहे का?" पुढे तिचीच त्यांच्याशी माझ्यापेक्षा जास्त गट्टी जमली, हे आधीच सांगून टाकतो.

ताई गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. पोटाचं दुखणं उशिरा कळलं आणि पुढे फार दिवस मिळाले नाहीत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं नोकरी केली, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन घराच्या वरच्या मजल्यावर आपला धंदा मांडला. मूळच्या अकोल्याच्या. वडील आधी कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनमध्ये, फिटर होते. नंतर त्यांनी स्वतःचं लेथ घेऊन जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग बनवायला सुरुवात केली. यंत्र दुसऱ्या कंपनीचं, भाग तायड्यांचे. त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रावर आपलं पोट भरण्यात काही धोका आहे, असं ताईंना कधी वाटलंच नाही.

मला वाटायचं. माझी सगळी नोकरी बँकेत, लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या टेबलावर गेली. कर्ज मागायला आलेला माणूस बुडेल कसा, हे तो खुर्चीत बसायच्या आत शोधायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतर ही खोड जाते असं म्हणतात. माझी गेली नाही. त्यात ताईंसारखी शेजारीण मिळाल्यावर ती जायचं कारणही नव्हतं.

त्यांचा धंदा असा होता. परदेशातल्या एका कंपनीनं एक लॅपटॉप काढला होता, तो पूर्ण खोलता येतो. स्क्रीन बदला, कळफलक बदला, आतला मुख्य बोर्ड बदला, बाहेरचं अंगसुद्धा बदला. त्याच्या दोन्ही कडांना खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत काडेपेटीएवढी एक डबी सरकवायची. जी जोडणी हवी ती डबी. ह्या डब्या बाहेरच्या कुणीही बनवाव्यात म्हणून कंपनीनं खाचेची मापं जगजाहीर केली होती. ताईंना तो लॅपटॉप पहिल्यांदा हातात मिळाला तेव्हा त्यांनी तो अर्थातच उलटा केला. खाली ओळीनं स्क्रू होते. "भाऊ, मानसानं बनवलेली वस्तू हाये ही!" असं त्या आमच्या फाटकातूनच ओरडल्या होत्या.

पहिली डबी त्यांनी बनवली ती बाळापूरच्या सलीमभाईंसाठी. सलीमभाई वजनकाटे दुरुस्त करतात. मार्केट यार्डातले, जिनमधले, ट्रक तोलायचे. ह्या काट्यांना लॅपटॉप जोडायला नऊ पिनांचा जुना पोर्ट लागतो आणि तो हल्लीच्या लॅपटॉपना नसतो. सलीमभाई मधे एक वायर लावून काम भागवत. ती ऐन हंगामात, मागे कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना, हमखास सुटायची. ताईंनी त्यांना भरीस पाडून तो खोलता येणारा लॅपटॉप घ्यायला लावला आणि नऊ पिनांची डबी करून दिली. पोर्ट खाचेपेक्षा जाड, त्यामुळे डबीचं तोंड बाहेर आलेलं. माझी बायको तिला दातवाली डबी म्हणायची.

मी माझ्या सवयीनं विचारलं, "ताई, हा जुना पोर्ट आता वापरतं कोण?"

"सगळेच वापरते. भाऊ, जगात लॅपटॉप बदलते, काटा नाई बदलत."

ते खरं निघालं. प्रयोगशाळा, लेथची मोठी यंत्रं, कुठल्या कुठल्या गावचे पाण्याचे पंप. जुना पोर्ट सगळीकडे शिल्लक होता. परदेशातूनही मागण्या येऊ लागल्या. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आला, कारण ताईंच्या इंग्रजीत नम्रपणा नावाची वस्तू नव्हती.

त्यांची काम करायची एक तऱ्हा होती. डब्यांचा नवा नमुना आला की घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो खाचेत घालायला आणि काढायला लावायच्या. दूधवाला, गॅसवाला, पोलिओचे डोस द्यायला आलेल्या बाई, कुणीही. "माह्या हाताले सवय झाली. मले बरोबरच बसनार," म्हणायच्या. "दुसऱ्याचा हात पाह्यजे. हात वेगळा, जोर वेगळा." एकदा माझ्या बायकोनं डबी अशी काही ओढली की तिचा कोपराच तुटून हातात आला. ती ओशाळली. ताई मात्र खूश. "वैनी, लय छान! पुन्हा एकदा तोडा बरं, कुटून तुटते थे पाहू दे." त्या दिवशी आमच्या बायकोनं अकरा की बारा डब्या मोडल्या आणि संध्याकाळी आपण मोठंच काम केल्यासारखी घरी आली. पुढच्या नमुन्यात तो कोपरा जाड झाला.

आता ताईंच्या चिठ्ठीतल्या ओळीबद्दल. डबीच्या खोक्यात एक छोटी चिठ्ठी जायची. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एकच वाक्य: लॅपटॉप चालेल तोवर बदलून देऊ. छापायच्या आधी त्यांनी ती मला दाखवली आणि मी खुर्चीवरून उठलोच. मुदत घाला म्हणालो. एक वर्ष घाला, फार तर दोन.

"काहून?" ताईंनी विचारलं. "अकोल्याले माह्या बाबाच्या दुकानात हेच होतं. पार्ट झिजला, मापात नाई बसला, तर यंत्र चालू हाये तोवर बदलून. जुना द्या, नवा न्या. सगळी गल्ली असंच करत होती. यंत्र हंगामात बंद पडलं तर लोकायनं काय करायचं?"

ही चूक अकोल्याच्या गल्लीत वाढलेलंच माणूस करू शकतं. जिनिंगचं यंत्र एकदा बसवलं की त्याचा सांगाडा काही हलत नाही. ते कधी तरी म्हातारं होतं, भंगारात जातं आणि त्याबरोबर तायड्यांची जबाबदारीही संपते. हा लॅपटॉप तर मरूच नये म्हणून बनवलेला. त्याचा एकेक अवयव बदलत जायचा आणि तो चालूच राहायचा. ज्या वस्तूचं मरणच काढून टाकलंय तिला ताई जन्मभराची हमी देत होत्या. शिवाय खाच दुसऱ्याच्या हातात. मी म्हणालो, "ताई, तुमचा धंदा दुसऱ्याच्या भिंतीला टेकून उभा आहे. उद्या त्यांनी भिंत सरकवली तर?"

"मंग आपनबी सरकू," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी तशीच छापली.

ताई भोळ्या होत्या, असं कुणी समजू नये. बंगळुरूच्या एकानं कळवलं की तुमच्या डबीमुळे माझा लॅपटॉप जळला आणि बाहेरची डबी वापरली म्हणून कंपनीही हात वर करते आहे. तेव्हा भरपाई द्या. बाहेरचे भाग बनवणाऱ्याचं हेच मरण असतं. काहीही जळलं तरी बोट आधी त्याच्याकडे. ताईंनी त्याला डबी आणि जळलेला बोर्ड दोन्ही पाठवायला सांगितलं, तीन दिवस तपासलं आणि मला लिहायला सांगितलं, "माही डबी ठीक हाये. तुह्या चार्जरमदे खोट हाये. मी काई देनार नाई." मी त्याचं जमेल तितकं सभ्य इंग्रजी केलं. त्या माणसानं बरीच आरडाओरड केली, इंटरनेटवर वाईटसाईट लिहिलं. ताई ढिम्म. पुढे त्यानं चार्जर बदलला आणि दुसरी डबी ताईंकडूनच मागवली.

ह्या सगळ्याच्या मागे त्यांच्या मनात दुसरंच काही शिजत होतं. त्यांना कापसातला ओलावा मोजणारी डबी करायची होती. कापूस विकायला आला की त्यातल्या ओलाव्यावर भाव ठरतो आणि मोजणाऱ्यावर विकणाऱ्याचा विश्वास कधीच नसतो. ताईंच्या डबीला एक सळई होती. ती कापसात खुपसायची आणि आकडा लॅपटॉपच्या स्क्रीनवर, सगळ्यांना दिसेल असा. पहिला नमुना त्यांनी आमच्या दिवाणखान्यात दाखवला. त्यासाठी बायकोची एक जुनी उशी फाडली. त्या दिवशी त्यांचं बोलणं थांबत नव्हतं. "बाबा नुसती मूठ दाबून सांगत होते, भाऊ. माहा आकडा आनि बाबाची मूठ जुळली पाह्यजे." मी बँकेच्या नजरेनं पाहिलं आणि पहिल्यांदाच मला खोट सापडली नाही. ही डबी चालली असती. निवृत्तीचे जे पैसे त्यांनी बाजूला ठेवले होते ते ह्यासाठीच.

आणि तेव्हाच भिंत सरकली. लॅपटॉपच्या कंपनीनं नवं, पातळ अंग बाजारात आणलं. जुन्या मालकांनी फक्त अंग विकत घ्यायचं आणि आपलं जुनं सामान त्यात बसवायचं. त्यांच्या दृष्टीनं ही सोयच होती. पण खाच आखूड झाली होती. ताईंची डबी तिच्यात जाईना.

पहिलं पत्र जर्मनीतून आलं. त्या माणसानं आधी बोर्ड बदलला होता, मग स्क्रीन आणि आता अंग. माझा लॅपटॉप छान चालू आहे, तुमची डबी तेवढी बसत नाही, तुमच्या चिठ्ठीप्रमाणे बदलून द्या, असं त्यानं लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसलो. म्हटलं, ह्याच्या जुन्या लॅपटॉपातलं आता काय उरलंय? हा नवाच लॅपटॉप झाला. हमी संपली. असं मी कळवतो.

ताई हसल्या नाहीत. "थो म्हनते ना, हाच लॅपटॉप हाये म्हनून? त्याचा हाये, त्याले माहीत."

पाठोपाठ पत्रं येत गेली. ही माणसं मुळात खोलून बदलणारीच, त्यामुळे नवं अंग बहुतेकांनी घेतलं होतं. नव्या डबीसाठी आतली सर्किटची पट्टी नव्यानं आखायची, नवा साचा पाडायचा आणि मग जगभर टपालानं पाठवायचं. एवढं केलं की ओलाव्याच्या डबीसाठी काही उरत नव्हतं. दोन्ही करणं शक्य नव्हतं, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांना ते आधीच माहीत होतं.

आम्ही भांडलो. मी म्हणालो, नव्या डब्या बनवाल आणि थोड्याफार विकालही, पण कंपनी उद्या पुन्हा खाच बदलेल. ओलाव्याची डबी तुमची स्वतःची आहे. ती उद्या साध्या वायरनंही कुठल्याही लॅपटॉपला लावता येईल. तिथे कुणाच्या भिंतीला टेकायला नको. लोकांना एक माफीचं पत्र लिहू. जग त्यानं काही बुडत नाही. बायकोही माझ्याच बाजूनं बोलली.

"तुमचं बरोबर हाये, मी नाई म्हनत नाई," ताई म्हणाल्या. "पन लिवलं तर आपन होतं ना?"

दुसऱ्या दिवशी त्या अकोल्याच्या एमआयडीसीत जाऊन साच्याचं काम देऊन आल्या.

साचा अर्धा झाला असेल नसेल, तोच लॅपटॉपच्या कंपनीनं जाहीर केलं की नऊ पिनांची डबी आता आम्हीच बनवणार. ताईंच्या डबीपेक्षा स्वस्त. ही बातमी मी त्यांना जिना चढून वर जाऊन सांगितली. त्या सोल्डरिंग करत होत्या. हातातलं काम संपवून त्यांनी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवला. मग विचारलं, "त्यायची दात बाहेर आलेलीच हाये का?"

मी म्हणालो, हो, दात त्यांच्याही डबीला आहे. आणि लगेच म्हणालो की साच्याचं काम थांबवा. अजून वेळ आहे. लोकांना तीच डबी घ्यायला सांगू. मला तेव्हा खरोखर त्यांचा राग आला होता आणि भीतीही वाटत होती. एवढं समोर दिसत असताना माणूस कसा जातो पुढे, हे मी बँकेत नेहमी फक्त कागदावर पाहिलं होतं.

त्यांनी थांबवलं नाही. साचा झाला, डब्या निघाल्या, आम्ही तिघांनी बसून त्या खोक्यांत भरल्या आणि ज्यानं ज्यानं मागितली त्याला पाठवली. जुनी परत यायची वाट पाहिली नाही. तिच्या टपालखर्चाचा बोजा गिऱ्हाइकावर नको, म्हणाल्या. नव्या डबीला नवं गिऱ्हाईक मात्र एकही आलं नाही. यायचं कारणच नव्हतं. कारखाना चालू, माल उत्कृष्ट आणि विक्री काही नाही, असा धंदा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

बदलीची शेवटची खोकी गेली तेव्हा ताईंनी वरचा मजला आवरायला काढला. सगळे झाले, फक्त सलीमभाईंनी काही मागितलं नव्हतं. ताई म्हणाल्या, आपणच जाऊन देऊन येऊ. मी बरोबर गेलो. अकोल्याला गाडी बदलून बाळापूरला उतरलो तर सलीमभाई एका जिनच्या काट्यावर कामात होते. ताईंनी डबी पुढे केली. त्यांनी ती बघितली आणि परत दिली.

"अरे मॅडम, मेरा तो पुरानाच चल रा. लॅपटॉप भी वोच है. ये तो इसमें बैठेगीच नहीं. क्या करूं मैं इसका?"

"मी आता बंद करून राहिली, सलीमभाई. पुढं तुमी अंग बदललं तर कोनापासून घ्यान?"

सलीमभाईंनी हात पुसले. थोडा विचार केला आणि म्हणाले, "तो फिर दो दे दो. लेकिन पैसे लेना पडेंगे. पुराना मैंने लौटाया नहीं, बदली कायकी?"

ताई वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी पैसे घेतले. पिशवीतून दुसरी डबी काढली, दोन्ही नीट घालता-काढता येतात का ते शेजारच्या हमालाकडून, बरोबर आणलेल्या नव्या अंगाच्या लॅपटॉपवर करवून पाहिलं आणि मगच दिल्या. त्या साच्यातून निघालेला तेवढाच माल विकला गेला.

परतताना गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्यांना मोकळं वाटत असेल. शब्द पाळला, सगळं नीट निस्तरलं. मूर्तिजापूर मागे पडल्यावर मी तसं म्हणालोही. "झालं ना समाधान, ताई?"

"समाधान कायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं त्यांच्या मनात आलेलं दिसत नव्हतं. "तुमी म्हनत होते थेच बरोबर होतं, भाऊ. मले ओलाव्याची डबी करायची होती. मले थे करायचं होतं. आता नाई होत ना थे."

"मग का केलंत असं?" मी विचारलं. चिडून नव्हे, मला खरंच कळून घ्यायचं होतं.

"मंग त्या लोकायले काय सांगितलं असतं? तुमीच सांगा. तुमी येवढे कागदं लिवता. काय लिवलं असतं तुमी?"

हा टोमणा नव्हता. त्यांना उत्तर हवं होतं. असं एखादं वाक्य, जे लिहूनही आपण पहिल्यासारखेच राहतो. आमचं स्टेशन, बडनेरा, येईपर्यंत मी विचार केला. मग गाडी थांबली आणि आम्ही उतरलो.